पांढऱ्या कापडाची कळ

जगाला शहाणं करण्यासाठी माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि या क्षणी माझ्यावर बाह्या न लावलेल्या शर्टांचा ढीग पडला आहे. आवाज जरा दबलेला वाटला तर समजून घ्या.

माझ्या बालपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. कारखान्यात आम्ही सगळे भाऊ एका साच्यातले. त्यात थोरला कोण आणि धाकटा कोण, हे कुणाला सांगता आलं नसतं. उमेदीची वर्षं मी कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीकडे काढली. पुढे तिने नवा लॅपटॉप घेतला आणि मला आपल्या मावशीकडे आणून सोडलं, म्हातारं मांजर सोडतात तसं.

मावशी कपडे शिवायची. खिडकीला लागून तिचं शिलाई मशीन आणि त्याच खोलीत, तिच्या पाठीमागे, खुर्चीत तिचा नवरा. तो बस कंडक्टर होता. भरल्या गाडीत 'पुढे सरका' म्हणून म्हणून त्याचा आवाज असा तयार झाला होता की घरात त्याने मीठ मागितलं तरी शेजारचे सरकायचे. एके दिवशी झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. त्याला ऐकू यायचं, समजायचंही. तोंडातून मात्र नुसती घरघर. अक्षरं दाखवली, तर अनोळखी पाहुण्यांकडे बघावं तसा तो त्यांच्याकडे बघायचा.

"मावशी, याला बोलायला शिकवता येईल," भाची म्हणाली.

"कुणाला? यांना, का या डब्याला?"

"डब्याला. तो काकांच्या वतीने बोलेल. पण मी आयतं करून देणार नाही, तू शिकायचंस. मी नोकरीला लांब जाणार. उद्या त्यात एक शब्द वाढवायचा झाला तर कुणाच्या तोंडाकडे बघशील?"

"या वयात?"

"मोठं काही करायचंच नाही. इवलंसं करायचं. चाललं, की त्याहून जरा मोठं."

असं आमचं शिक्षण सुरू झालं. पहिला प्रोग्राम म्हणजे पडद्यावर एक वाक्य उमटवणं. मावशीने लिहिलं, 'कपडे मंगळवारी मिळतील.'

"अगं, हे खोटं आहे," भाची म्हणाली.

"शिवणाऱ्या बाईचं पहिलं वाक्य हेच असतं."

दुसऱ्या प्रोग्रामात मापं टाकली की कापड किती लागेल ते मी सांगायचं होतं. मी एका तान्ह्या बाळाच्या झबल्याला तंबूएवढं कापड सांगितलं. ते निस्तरता निस्तरता तिने एक कंस उघडा ठेवला आणि मी लाल अक्षरांत कुरकुर केली.

"एवढ्याशा कंसासाठी एवढं रागवायचं?" ती मला म्हणाली.

"एक टाका सुटलेला शर्ट तू गिऱ्हाइकाला देतेस का?" भाचीने विचारलं.

मावशीने मुकाट्याने कंस बंद केला.

मग तिसरं काम, ज्यासाठी हा सगळा खटाटोप होता. मावशीने माझ्या काही कळांवर रंगीत कापडाचे तुकडे चिकटवले. कळ दाबली की आधी 'टिंग' असा आवाज यायचा, शिवण थांबवून लक्ष द्यावं म्हणून. आणि पाठोपाठ मावशीच्या आवाजात एक शब्द. निळी दाबली की पाणी, हिरवी दाबली की उशी. लाल म्हणजे 'नको'. ही भाचीने हट्टाने घालायला लावली. मावशीने एक कळ नीट लिहिली आणि तेच लिखाण उतरवून बाकीच्या केल्या, एका नमुन्यावरून सगळे शर्ट बेतावेत तसं. त्या भरात एक जास्तीची उतरली गेली. तिच्यावर अस्तराचा पांढरा तुकडा बसला. शब्द द्यायचा राहिला. दाबली की नुसतं टिंग. पुढे काही नाही.

नवऱ्याला 'नको' फार आवडली. पहिला अख्खा दिवस त्याने सगळ्यालाच नको म्हणून घेतलं, औषधालाही. मावशी म्हणाली, "बोलत होतात तेव्हा एवढे भांडला नाहीत हो कधी."

पण त्याचा डावा हात सारखा जायचा तो पांढऱ्या कळेवर. टिंग. मावशी मशीन थांबवायची, स्टूल ओढून त्याच्याजवळ बसायची.

"काय हो? पाठ दुखतेय?"

नको.

"भूक लागली?"

नको.

"मग काय हवंय? माझं डोकं?"

तो तिच्याकडे बघत राहायचा. ती थोडा वेळ बसायची, त्याचा हात चोळायची, मग उसासा टाकून मशीनकडे जायची. जरा वेळाने पुन्हा टिंग. मित्रांनो, ती शेजारी बसली की त्याच्या पायांतला ताठरपणा सैल पडायचा. मला हे कळायचं, कारण मी त्याच्याच मांडीवर होतो. पण तिने भरले तेवढेच शब्द माझ्याकडे. आगाऊपणा करायची सोय नव्हती.

मावशीच्या जिवाला घोर लागला. माणूस काहीतरी सांगतोय आणि आपल्याला ते लिहिता येत नाही, असं तिला वाटायचं. तिने भाचीला फोन केला.

"ती चुकून राहिलेली कळ आहे मावशी. एखादा शब्द भर, नाहीतर काढून टाक."

मावशीने पुष्कळ विचार केला आणि शब्द भरला, 'खिडकी'. दिवसभर खोलीत बसणाऱ्या माणसाला दुसरं काय हवं असणार? कुणाच्याही मदतीशिवाय केलेलं हे तिचं पहिलं काम, आणि ते पहिल्या फटक्यात चाललं. तिला झालेला आनंद मी पाहिला आहे.

टिंग. खिडकी.

खिडकी मशीनपाशीच होती. तिने बसल्या जागेवरून हात लांब केला, खिडकी उघडली आणि शिवण पुढे चालू केली. त्याने पुन्हा दाबली. तिला वाटलं वारा लागतोय. तिने बंद केली. त्यानंतर त्याने ती कळ कधी दाबली नाही.

थंडी सरता सरता तो गेला.

भेटायला माणसं आली, त्यात त्याच्या बसचा जुना ड्रायव्हर होता. काय बोलावं ते सुचेना, म्हणून तो मला उगाच चाचपत बसला. पांढरी कळ दाबली गेली. टिंग झालं आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर आपोआप दाबला गेला. पुढचा शब्द त्याने ऐकलाच नाही.

"काय झालं?" मावशीने विचारलं.

"काही नाही वहिनी." तो ओशाळला. "जन्म गेला त्याच्या घंटीवर. दोन म्हणजे चल, एक म्हणजे थांब. अजून पाय ऐकतो त्याचं."

नवऱ्याच्या बसमध्ये मावशी कधी बसली नव्हती. ओळखीने फुकट जाणं त्याला चालत नसे आणि नवऱ्याकडून तिकीट घेणं तिला, म्हणून ती आपली चालतच जायची.

सगळे गेल्यावर तिने मला उघडलं आणि 'खिडकी' हा शब्द काढून टाकला. त्यासाठी तिला कुणाला विचारावं लागलं नाही. मग ती त्याच्या खुर्चीत बसली, मला मांडीवर घेतलं आणि पांढरी कळ दाबली.

टिंग.

मशीन बंदच होतं. कोणी उठलं नाही. मलाही उठून तिच्या शेजारी बसता आलं नाही.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंनी अशा वेळी 'आमची निगा राखा' म्हणायचं असतं. माझं जाऊ द्या. घरात कुणी नुसतीच हाक मारली, तर काय हवंय ते नंतर विचारा. आधी जवळ जाऊन बसा. मावशीकडे शिवायला कपडे टाकायला गेलात, तर तिथेही घटकाभर बसा.

फक्त स्टुलावर बसा. खुर्चीत मी असतो, आणि माझं एक बिजागर आधीच गेलं आहे.