पाठीला पाऊण इंच जास्त

मी कपडे बेतायचं टेबल बोलतोय. कौतुकाच्या गोष्टी ऐकायच्या असतील तर समोरच्या शिलाई मशीनकडे जा, त्याला स्वतःविषयी बोलायला फार आवडतं. मला कबुली द्यायची आहे. एका सव्वीस वर्षांच्या मुलीच्या पाठीचं जे झालं, त्यात मीही आहे.

मला घडवलं तेव्हा आमचे शिंपी मास्तर नवं दुकान थाटत होते. सुताराने विचारलं, "उंची किती ठेवू?"

"माझ्या बेंबीच्या चार बोटं खाली," मास्तर म्हणाले.

टेबल बेतणाऱ्याच्या बेंबीच्या जरा खाली असावं, असा आमच्याकडचा नियम. मास्तर बुटके, पाच फूट दोन इंच. तेव्हा माझे पाय चौतीस इंचांवर कापले, वर जाड फळी ठोकली, फळीवर हिरवं कापड ताणून बसवलं. मास्तरांनी माझ्यासमोर उभं राहून कात्री चालवून पाहिली आणि म्हणाले, "आता मरेपर्यंत बघायला नको." हे वाक्य मला तेव्हा फार गोड लागलं होतं.

मास्तरांना एकच लेक. रांगत होती तेव्हा तिला माझ्याच अंगावर चिंध्यांच्या ढिगात निजवत. मग ती वाढायला लागली ती थांबेचना. आई बुटकी, बाप बुटका आणि पोरगी ताडमाड. "ही कुणावर गेली हो?" असं गिऱ्हाइकाने विचारलं की कोपऱ्यात काजं करत बसलेली आई मान वर न करता म्हणायची, "टेपेवर." पाच फूट दहा इंचांवर पोरगी एकदाची थांबली.

तिच्या एकोणिसाव्या वर्षी मास्तरांचा हात थरथरायला लागला. कात्री धरली की टोक नाचायचं. त्या दिवसापासून बेतायचं सगळं काम लेकीकडे आलं आणि गिऱ्हाइकं तिला धाकट्या मास्तर म्हणू लागली. काय हात होता तिचा. खडूची रेघ एका दमात ओढायची, कात्री उचलायची नाही, नुसती सरकवत न्यायची. कापड कापताना ती श्वास धरायची आणि शेवटच्या टोकाला पोचली की हळूच सोडायची. तो श्वास माझ्या अंगावर यायचा. मला ती मास्तरांपेक्षा जास्त आवडायची, हे मास्तरांना सांगू नका.

पण मी तिच्यासाठी पाच इंच बुटका होतो. पाच इंच म्हणजे काय, वीतभरसुद्धा नाही. तेवढ्यासाठी ती दिवसाचे नऊ तास, सात वर्षं, माझ्यावर वाकत राहिली.

आता मास्तरांच्या नजरेविषयी सांगायला हवं. माप देताना माणूस पोट आत घेतो, छाती फुगवतो, मान ताठ करतो. आयुष्यात कधी नव्हे तो त्या दोन मिनिटांत रुबाबदार होतो. मास्तर टेप लावून त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारायचे आणि बोलण्याच्या नादात पोट सुटलं की गुपचूप आकडा टिपायचे. कुणाचा खांदा उतरता, कुणाच्या पाठीला बाक, त्यांना दारातूनच कळायचं. बाक असेल त्याला मागचा भाग पाव इंच, अर्धा इंच लांब द्यायचा आणि पुढचा कमी करायचा. मग कपडा मागून उचलला जात नाही आणि बाक दिसत नाही. गिऱ्हाइकाला मात्र एका शब्दाने बोलायचं नाही. "आपण कापड शिवतो, माणूस नाही," असं ते लेकीला शिकवायचे.

लेकीचं दुखणं आधी फक्त सकाळचं होतं. दुकानात आली की दोन्ही तळव्यांनी माझा काठ धरून ती तशीच उभी राहायची. अर्ध्या तासाने पाठ मोकळी झाली की कामाला लागायची. आई म्हणाली, गादी बदलू. गादी बदलली. मास्तर म्हणाले, "या वयात कसली पाठ दुखते? पाठ दुखायची ती आमची." तीही हसायची. पुढे दुपारीही काठ धरायला लागली. मग पायात मुंग्या यायला लागल्या. ती कुणाला सांगत नव्हती, पण भार एकाच पायावर देऊन उभी राहायची, ते मला कळत होतं. मी बोलू शकलो असतो तर तेव्हाच बोललो असतो.

एका सकाळी ती कोटाचं कापड कापत होती. पाठीतून पायापर्यंत कळ गेली आणि कात्री रेघ सोडून छातीच्या भागात दोन इंच आत घुसली. सात वर्षांत तिच्या हातून एक धागा वाया गेला नव्हता. ती त्या कापडाकडे बघत राहिली, मग माझ्यावर डोकं टेकून रडली. हिरव्या कापडावर त्या आसवांचा डाग अजून आहे.

डॉक्टरकडून आल्यावर तिने मणक्यांची काळी फिल्म माझ्यावरच पसरली.

"मणक्यांच्या सांध्यांची झीज आहे," ती म्हणाली. "ऑस्टिओआर्थरायटिस. डॉक्टर म्हणाले, असं साठीच्या माणसात दिसतं."

"मग औषध दिलं असेल ना?" आईने विचारलं.

"दुखणं कमी करायचं दिलंय. व्यायाम दिलेत. झालेली झीज भरून येत नाही, आई. वाकून काम बंद करायला सांगितलंय."

"पण झालं कशाने?"

"मीही विचारलं. काहींच्या अंगातच असतं, काहींच्या कामातून येतं म्हणाले. एकाच कारणावर बोट ठेवता येत नाही."

डॉक्टरांनी बोट ठेवलं नाही. मी स्वतःवर ठेवतो. मास्तर मात्र थरथरत्या हाताने टेप गुंडाळत होते आणि ती गुंडाळली जात नव्हती.

"मी सव्वीसची आहे," लेक म्हणाली. "अजून चाळीस वर्षं असंच? मला दुसरं काही येत नाही. मला दुसरं काही करायचंही नाहीये." हे ती कुणालाच उद्देशून बोलत नव्हती.

दीड महिना ती आली नाही. माझ्यावर धूळ बसली. आई काजं करायला बसायची, पण काजं करायला कपडे कुठले? मी इतका रिकामा कधीच नव्हतो. गिऱ्हाईक आलं की मास्तर म्हणायचे, "धाकट्या मास्तर रजेवर आहेत."

एका दुपारी ती आली. बिघडलेला कोट पुन्हा बेतून द्यायचा होता, म्हणून त्याचा फर्मा शोधत होती. फर्मा म्हणजे ज्या कागदावर आधी माप आखतात तो. भिंतीवरच्या खिळ्यांना फर्मे टांगलेले असतात. शोधता शोधता तिच्या हाती तिचेच फर्मे आले. ती बेतायला लागल्यापासून तिच्या दर वाढदिवसाला मास्तर शर्ट आखायचे आणि तो एकच शर्ट कसाबसा स्वतः कापायचे. तिने ते सात कागद एकावर एक माझ्यावर ठेवले. गळा जुळला, खांदे जुळले. पाठ जुळेना. पहिला कागद पुढेमागे सारखा. तिसऱ्याला मागे पाव इंच जास्त. पाचव्याला अर्धा. शेवटच्याला पाऊण. मला हे ठाऊक होतं, ते सगळे माझ्याच पाठीवर आखले गेले होते.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं?"

मास्तर माझ्या पलीकडे उभे होते. म्हणाले, "कपड्यात झाकलं जात होतं गं."

"पाच वर्षं?"

"मला वाटलं, उंच पोरी लाजून वाकतात तसं असेल. मग वाटलं, बोललो तर तुला वाईट वाटेल. मग सवय झाली."

"तुम्ही शर्ट बदललात, बाबा. टेबलाचे पाय वाढवायचे होते."

मास्तर खाली बसले. भल्याभल्यांच्या पाठीची पारख केलेला तो माणूस माझा पाय धरून लहान मुलासारखा रडला. मला रागही आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदमच.

दुसऱ्या दिवशी सुतार आला. माझ्या चारही पायांखाली पाच-पाच इंचांचे ठोकळे ठोकले. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय? ती माझ्यासमोर उभी राहिली. पहिल्यांदाच तिचं तोंड मला इतकं वर दिसलं. ताठ उभी राहून तिने कोटाच्या नव्या कापडावर खडू ओढला. रेघ तीच, एका दमातली. आईने काजाची सुई हातात तशीच धरून ठेवली होती. तेराव्या मिनिटाला लेकीने कात्री ठेवली. तिचे ओठ पांढरे पडले होते. मग ती माझ्यावर चढून उताणी पडली, गुडघे दुमडून, व्यायामात शिकवलं होतं तशी.

थोड्या वेळाने उठून बसली आणि म्हणाली, "बाबा, माझं माप घ्या. आणि आकडा मोठ्याने सांगा."

मास्तरांनी टेप तिच्या मानेच्या मणक्याला लावली. बोटं एका एका मणक्यावरून खाली गेली. ते आकडा कधीच बोलून दाखवत नसत. त्या दिवशी म्हणाले, "पाठीला पाऊण इंच जास्त."

"हां," ती म्हणाली. "लिहा."

आता एक कोट बेतायला तिला चार दिवस लागतात. काही दिवस येतच नाही. वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात कुणीतरी रोज कशावर तरी वाकून काम करत असेल. त्यांच्या कपड्यांकडे नंतर बघा, आधी एकदा त्यांच्यासमोर टेप घेऊन उभे राहा. आम्ही लाकडं, आम्हाला स्वतःहून वाढता येत नाही.

पहिल्या दिवशी तिची उभ्याने तेरा मिनिटं झाली होती. आज अकराच झाली. आत्ता ती माझ्यावर उताणी पडली आहे, डोळे मिटून. मास्तर घड्याळाकडे पाठ करून उभे आहेत. तिला उठायचं असेल तेव्हा धरायला माझा काठ आहे.