गरम इंजिन

आत्याचा नियम साधा होता : ज्याने इंजिन उघडलं, त्याने पहिल्या उड्डाणाला मागच्या सीटवर बसायचं. तिची भाची अकरा वर्षं स्वतःच्या इंजिनाने वर चढणाऱ्या ग्लायडरची इंजिनं दुरुस्त करत होती, पण काही ना काही सबब सांगून तिने आजवर ते टाळलं होतं. स्टुलावर चढायचं तरी ती कुणाचा तरी हात धरायची. या वेळी मात्र पिस्टन तिनेच बदलले होते आणि हँगरमध्ये दुसरं कुणीच नव्हतं.

"बस गुपचूप," आत्या म्हणाली. "शाळेत एकेका वर्गात चाळीस-चाळीस पोरं सांभाळलीत मी. तू एकटी काय जड आहेस?"

वर जाईपर्यंत भाचीने डोळे गच्च मिटले होते. डोक्यामागे खांबावर उभं असलेलं टू-स्ट्रोक इंजिन किंचाळत होतं, आणि त्या आवाजाचाच तिला धीर होता. सहाशे मीटरवर आत्याने ते बंद केलं, पंख्यासकट खांब विमानाच्या पाठीत मिटला. एकदम शांत.

पाचेक मिनिटांत विमान झपाट्याने खाली जाऊ लागलं.

"टेकडीवरून पडती हवा येतेय," आत्या म्हणाली. "इंजिन बाहेर काढते."

खांब वर आला, स्टार्टर फिरला, पण इंजिन काही चालू होईना. उभ्या खांबाला वारा अडून विमान आणखीच झपाट्याने उतरू लागलं. खाली नुसती झाडं. धावपट्टी टेकडीपलीकडे.

"अडीचशे मीटर," आत्या म्हणाली. पुन्हा स्टार्टर. काही नाही.

पिस्टनच्या रिंगा उलट्या बसवल्या का आपण, भाचीला वाटलं. आपल्याच हातांनी आत्याला... तेवढ्यात पेट्रोलचा भपकारा आला.

"आत्या, सुरू करताना पेट्रोल आत सोडायचा प्रायमर किती वेळा दाबलास?"

"पाच. नेहमीसारखाच."

"अगं, ते थंड इंजिनाला! हे अजून गरम आहे, पेट्रोल तुंबलंय आत. पेट्रोलचा कॉक बंद कर, थ्रॉटल पूर्ण उघड म्हणजे हवा आत जाईल, आणि स्टार्टर फिरवत राहा."

"पेट्रोल बंद करू? आत्ता?"

"कर म्हणते ना!" भाची किंचाळली.

आत्याने कॉक बंद केला. स्टार्टर कुथत राहिला. झाडांचे शेंडे एकेक वेगळे दिसू लागले. एका शेंड्यावर घरटं होतं, तेही दिसलं. भाचीने खांद्यावरचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. मग फाटकन आवाज झाला, मागे पांढरा धूर निघाला आणि इंजिन फुरफुरलं.

"कॉक उघड! उघड!"

इंजिन पुन्हा किंचाळलं. विमान शेंड्यांवरून घासून गेल्यासारखं निघालं आणि हळूहळू वर चढलं.

धावपट्टीवर उतरल्यावर भाचीला पट्टा सोडवता येईना. आत्याने तो सोडवला, तिला बाहेर ओढलं आणि स्वतःच मटकन गवतात बसली.

"हात बघ माझे," ती म्हणाली.

भाची तिच्या शेजारी बसली. पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडायला दोघींना मिळून बराच वेळ लागला.