सहा पोती ज्वारी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी शाळेची बस आहे. रंग अजून पिवळाच आहे, पण आता मी घर झाले आहे. आणि खरे सांगते, घर झाल्यावर चार महिने मी कैदेत काढले.

कारखान्यातून निघाले तेव्हा माझा तोरा पाहण्यासारखा होता. चौदा वर्षे मी नायगावच्या आसपासची मुले शाळेत पोहोचवली. आईबाप माझ्या वेळेचे कौतुक करत. मग नवी बस आली आणि माझ्या सीटवर कोंबड्या अंडी घालू लागल्या.

निवृत्त झालेल्या शेषेराव गुरुजींनी मला विकत घेतले. त्यांच्या बदल्या होत राहिल्या, पण पत्नी शिवगंगाबाई छत्तीस वर्षे घर राखत इथेच राहिल्या. "रिटायर झालो की गाडीतच राहू, समदा देश फिरू," असा गुरुजींचा त्यांना शब्द होता. माझ्यात पलंग बसला, शेगडी बसली. बाईंनी जुन्या साड्यांचे पडदे शिवले. निघायचा दिवस ठरला.

मग गुरुजी सामान भरू लागले. आमच्याकडे घर म्हटले की वर्षाची ज्वारी आधी येते. गुरुजींनी सहा पोती आत टाकली. वर पाटा-वरवंटा आणि शाळेची जुनी हजेरीपुस्तके. अंगणात न्हाणीच्या पाण्याने भिजलेल्या काळ्या मातीत माझी मागची चाके रुतली. ठरलेला दिवस टळला, पुढचाही टळला. मी आतल्या आत चरफडत होते. बाई रोज पुढच्या सीटवर बसून बंद फाटकाकडे पाहत. आम्ही दोघी सारख्याच अडकलो होतो.

परवा गुरुजी सातवे पोते घेऊन आले. बाई सीटवरून हलल्या नाहीत.

"आवं, जवारी उतरवा, न्हाईतर मला उतरवा."

"आगं, लई दूर जायचं हाय."

"दुकानं काय निस्ती नायगावातच हायेत? खरं सांगा, तुम्हाला जायाचंच न्हाई ना?"

गुरुजी पोत्यावरच बसले. म्हणाले, "इथं समदे गुरुजी म्हन्तेत. फाटकाभायेर मी कोन?"

मला त्यांचा इतका राग आला होता, पण हे ऐकून वाईट वाटले.

बाईंनी एका पोत्याचे टोक धरले. "मी म्हन्ते की. चला गुरुजी, दुसरं टोक धरा."

दुपारपर्यंत पोती उतरली, पाटाही उतरला. एक हजेरीपुस्तक मात्र बाईंनी सीटखाली राहू दिले. चाकांखाली फरशीचे तुकडे घातले. गुरुजींनी मला सुरू केले. चाके दोनदा जागीच फिरली, तिसऱ्यांदा मी वर आले.

मित्रांनो, जुन्या गाडीला तेलपाणी द्या, पण तिला नुसती उभी करून ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी रोज फाटकाकडे पाहत बसत असेल, तर त्या माणसाला कुठे जायचे आहे ते विचारा.

गुरुजी फाटक उघडायला खाली उतरू लागले. बाईंनी ते केव्हाच उघडले होते.