तिघांचा पट

मी तिघांनी खेळायचा बुद्धिबळाचा पट बोलतोय. जरा हळूच बोलतो. माझा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर, त्यामुळे घरातलं सगळं मला ऐकू येतं. मग माझंही कुणाला ऐकू जात असेल तर?

तसबिरींना चौकटी बसवण्याच्या दुकानात माझा जन्म झाला. तिथे काम करणाऱ्या मुलीने उरलेल्या प्लायवूडमधून मला कापलं. सहा बाजू, तीन फौजा: पांढरी, काळी, आणि जुन्या सोंगट्यांना नेलपॉलिश फासून केलेली लाल. मधोमध माझी घरं अशी वाकतात की उंटाच्या तिरक्या वाटेला दोन फाटे फुटतात. तिथे उंटच बावचळतो, माणसांचं काय घेऊन बसलात.

तिघांच्या खेळाला एकच रोग. दोघं मिळून तिसऱ्याला खातात. माझ्या आधीचा पट त्यानेच गेला. त्यावर खेळलेल्या तिच्या मैत्रिणी अजून एकमेकींशी बोलत नाहीत, आणि ती स्वतः तेव्हा रडत होती, धड जेवतही नव्हती. म्हणून माझ्यासाठी तिने नियम केला, की एकाने शह दिला तर दुसऱ्याने त्याच राजाला लगेच शह द्यायचा नाही.

खेळून बघायला घरचेच होते, आई आणि दादा. दादा तिला वकीलबाई म्हणतो. कडी लावलीय असं कुणी सांगितलं तरी ही उठून बघून येते. एवढी संशयी मुलगी, पण माझ्या बाबतीत तिने डोळे मिटून घेतले. एकदा आई जिंकायची, एकदा दादा, एकदा ती. खेळ अगदी समतोल झालाय, असं तिने खेळ बनवणाऱ्या एका कारखानदाराला फोनवर सांगितलं. तो रविवारी येणार होता, चार अनोळखी माणसांना घेऊन. त्याला पटलं तर माझ्यासारखे शेकडो निघणार होते. तिच्या डोक्यातून निघालेली पहिलीच गोष्ट घराबाहेर पडणार होती.

मला मात्र काहीतरी खुपत होतं. हरणारं माणूस शेवटच्या सोंगटीवरचं बोट पटकन काढत नाही. इथे मात झाली की आई आणि दादा दोघंही सुटल्यासारखे उठायचे. दादा चाल करण्याआधी माझ्याकडे नाही, आईकडे बघायचा. टेबलाखाली गुडघ्याला गुडघा लागायचा आणि मी दचकायचो.

मग एकदा फ्रिज उघडता उघडता आई दादाला हळूच म्हणाली, "काल ती जिंकलीय. आज तू जिंक."

त्याला क्रिकेटची मॅच बघायची होती. मी लवकर मरतो, तूच जिंक, म्हणाला. पोरीचे पुन्हा तसले हाल नकोत, म्हणून दोघांनी जिंकणं वाटून घेतलं होतं. मला कळलं, पण सांगू कुणाला?

शनिवारी पाहुण्यांसाठी घर आवरण्याच्या नादात जिंकायची पाळी कुणाची ते ठरवायचं राहून गेलं. आईला वाटलं दादाची, दादाला वाटलं आईची. आईने आपला वजीर दादाच्या हत्तीसमोर आणून ठेवला. दादाने तो घेतला नाही. उलट स्वतःचा वजीर आईच्या प्याद्याच्या तोंडी दिला. आईने भलतंच प्यादं सरकवलं. दोन वजीर उघड्यावर, आणि घ्यायला कुणी तयार नाही.

वकीलबाईचा हात हवेतच राहिला. "तुम्ही दोघं कधीपासून हरताय?"

"तसं नाही गं," म्हणत दादा आईकडे बघायला लागला.

"तू जेवायची नाहीस पुन्हा," आई म्हणाली. "म्हणून."

"आई, उद्या येणारी माणसं कशाला हरतील माझ्यासाठी?"

तिने सगळ्या सोंगट्या पुन्हा मांडल्या. आता खरं खेळा, म्हणाली.

खरं खेळले. दादाने तिच्या लाल राजाला शह दिला. आईला शह द्यायला बंदी होती, म्हणून तिने शांतपणे मुलीचा वजीर मारला. राजाला सोडवणारा तेवढाच होता. नियम शाबूत राहिला आणि मुलगी संपली.

"आई, हे इतके दिवस कुठे लपवलं होतंस?" दादा म्हणाला. आईने हसू आवरलं, पण मला दिसलं.

मुलीचे कान लाल झाले होते. तिने फोन उचलला आणि कारखानदाराला सांगितलं, उद्या येऊ नका, खेळ अजून तयार झालेला नाही. तो म्हणाला असेल काहीतरी. ती नुसतं "हो, कळतंय" म्हणत राहिली.

आता तिने तो नियम खोडलाय. माझ्या कडांवर पेन्सिलीच्या खुणाच खुणा आहेत. दिवसा ती मला दुकानात नेते आणि चौकटीसाठी थांबलेल्या गिऱ्हाइकांपैकी दोघांना माझ्यासमोर बसवते, तिसरी ती. सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात, संगनमत करतात, शब्द फिरवतात. एक गृहस्थ तर तसबीर न घेताच तणतणत गेले. ती खाली वाकून खुणा करत होती.

कधी त्या दुकानात गेलात आणि तिने बसता का विचारलं, तर बसा. तिचा चेहरा जरा घाबरलेला असतो, त्याकडे बघून चाल करू नका. तिचा राजा कोंडीत सापडला, तर सोडू नका.