सोरेनच्या पुंगळ्या

आर्विड टोलेफसन बीटाच्या साखरेच्या कारखान्यात जन्मभर फिटर होता. आपल्याला जमणार नाही असं लोखंडाचं काम अख्ख्या मोंटाना राज्यात नाही, असं तो बिनदिक्कत सांगायचा, आणि लोक ऐकून घ्यायचे, कारण बहुतेक वेळा ते खरंच असायचं. त्या उन्हाळ्यात मात्र हा गडी गॅरेजमध्ये एका खोक्यासमोर नुसता बसून राहायचा.

खोकं त्याच्या मुलाचं, सोरेनचं. आत मांस फिरवून भाजायच्या शेगडीची मोटर, कडेला खाचा पाडलेली ॲल्युमिनियमची चकती, गॅसचा बर्नर धरायला केलेला वाकडातिकडा कंस आणि पिशवीभर स्क्रू. पुंगळ्या नरम करायचं मशिन होणार होतं ते. अर्ध्यावर राहिलं, आणि एका हिवाळ्यात नदीच्या पुलावर बर्फावरून गाडी घसरून सोरेन गेला.

काडतूस उडालं की पितळेची पुंगळी उरते. आर्विडसारखी माणसं ती फेकत नाहीत. घरी आणायची, पुन्हा दारू भरायची, पुन्हा उडवायची. हरीण पडलं तरी आधी गवतात गुडघे टेकून पुंगळी शोधणारी जात ही. पण प्रत्येक बार उडाला की पितळ आणखी कडक होत जातं आणि एक दिवस गळ्याशी तडकतं. म्हणून तेवढा गळा ज्योतीत धरून नरम करायचा. कमी तापला तर मेहनत फुकट, जास्त तापला तर पुंगळी फुकट, आणि चुकून बूड नरम झालं तर बंदूक तोंडावरच फुटायची.

हे काम बापलेक मिळून करायचे. सोरेन पुंगळी बोटांत धरून ज्योतीत फिरवायचा. आर्विड दिवा बंद करून पितळेच्या रंगावर डोळे लावायचा आणि नेमक्या क्षणी म्हणायचा, "टाक!" अशी कित्येक वर्षं गेली. मग एकदा सोरेन म्हणाला, "बाबा, तुमचं 'टाक' हल्ली एकीला लवकर येतं, दुसरीला उशिरा. आपण मशिन करू या का?"

"म्हणजे माझे डोळे गेले म्हणायचंय तुला?"

"डोळे नाही हो. तुम्ही मध्येच कारखान्यातल्या गोष्टी सांगायला लागता."

"मग कर तुझं तू मशिन. ते नाही सांगणार गोष्टी."

सोरेनने खरंच एकट्याने काम सुरू केलं. म्हातारा इतका हट्टी की त्याने त्या खोक्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चकतीच्या खाचा वाकड्या पडल्यात हे त्याला दारातूनच दिसलं होतं, तरी बोलला नाही. विचारेल तेव्हा सांगू, म्हणत राहिला.

आता त्याला एकच गोष्ट हवी होती. मशिन पुरं करायचं, सोरेनने शेवटी उडवलेल्या पुंगळ्या त्यातून काढायच्या, त्यातली एक भरायची, आणि शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी सोरेनची बंदूक घेऊन त्याच्या नेहमीच्या टेकडीवर जायचं. त्या पुंगळ्या त्याच बंदुकीत उडून त्याच नळीच्या मापाच्या झालेल्या. दुसऱ्या कुठल्या त्यांच्या जागी चालणार नव्हत्या, निदान आर्विडच्या मनाला तरी.

खाचा त्याने कानशीने सरळ केल्या. मोटर फार पळायची, पुंगळी गार ती गारच खाली पडायची. मग मोटर हळू झाली, तर पुंगळी लालबुंद. शेजारचा ऑर्लिन बागेच्या पाईपची तोटी मागायला आला आणि तिथेच रेंगाळला.

"अरे, एवढ्या वेळात हाताने मी दोनशे केल्या असत्या," ऑर्लिन म्हणाला.

"तुझा हात बघितलाय मी. घरात बल्ब बदलायला बायकोला चढवतोस."

"ते जाऊ दे. खाली काय लावलंयस? केकचं भांडं?"

"मार्लिसचं आहे. बोंबलू नकोस, तिला माहीत नाही."

मार्लिस, म्हणजे आर्विडची बायको, सोरेन गेल्यापासून गॅरेजात आलीच नव्हती. भांडं गेल्याचं तिच्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. तीही बोलली नव्हती. त्या घरात हल्ली तसंच चालायचं.

पानं पिवळी पडायला लागली तेव्हा मशिन चाललं. आर्विडने दार लावून, दिवा बंद करून, स्वतःची भंगारातली एक पुंगळी चकतीवर सोडली. ती गरगर फिरत ज्योतीपाशी गेली, गळ्यावर मंद झाक आली न आली, आणि खाच सरकून ती भांड्यात टण्णकन पडली. अगदी वेळेवर. आर्विडच्या तोंडून "टाक" निघायच्या आधी. त्याने अंधारातच मोटरीवर हात ठेवला. हुशार होतं पोरगं, हे त्याने जिवंतपणी एकदाही मोकळेपणी म्हटलं नव्हतं, आणि आता म्हणून ऐकायला कोण होतं?

तो स्वयंपाकघरात गेला. "मार्लिस, सोरेनच्या कोटात होत्या त्या पुंगळ्या तुझ्याकडे आहेत ना? मशिन झालं."

तिने ओले हात पुसले, कपाटातून बिस्किटांचा निळा डबा काढला. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. "घे. बघ कशा ठेवल्यात."

त्याने झाकण उघडलं. पुंगळ्या सोन्यासारख्या चकाकत होत्या. आणि तो झोंबरा वास नाकात शिरला.

अमोनिया. भांडी चमकवायच्या पॉलिशमधला अमोनिया पितळ आतून खातो. आर्विड हे चाळीस वर्षं नेमबाजीच्या मैदानावर प्रत्येक नवख्याला दरडावून सांगत आला होता. घरात सांगायची वेळच आली नव्हती.

गॅरेजात भिंग घेऊन तो एकेक बघत गेला. पहिलीच्या गळ्याला केसाएवढी चीर. दुसरीला दोन. एक-दोन त्याला धड वाटल्या, म्हणून चकतीवर सोडल्या. मशिनने आपलं काम चोख केलं. भांड्यातून उचलल्या तर चिरा उमललेल्या. एकही भरण्याजोगी उरली नव्हती.

त्याच्या डोक्यात तिडीक गेली. पुंगळी मुठीत आवळून तो तरातरा स्वयंपाकघरात आला. "मार्लिस! हे कशाने घासलंस तू?"

ती दचकली. "का? त्या पिवळ्या डबीतल्या पॉलिशने. दर रविवारी, चर्चमधून आलं की. त्याच्या जुन्या बनियनची बाही घेते." मग तिचा आवाज खाली आला. "एकेक हातात घेऊन घासते, आर्विड. तेवढाच वेळ मी त्याच्याशी बोलते. वेडेपणा आहे ना?"

त्याने मुठीतली पुंगळी खिशात सरकवली.

"वेडेपणा कसला?" तो म्हणाला. "मी नुसतं विचारलं. छान चकाकतायत."

"आणि मशिन? चाललं त्याचं?"

"चाललं. एकदाही चुकलं नाही."

हे तरी खरं होतं. बाकीचं त्याने गिळलं.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मार्लिसने थर्मासमध्ये कॉफी भरून दिली आणि त्याच्या कोटाची बटणं स्वतः लावली. "सोरेनची पुंगळी उडवलीस की गवतात शोधत बसावं लागलं तरी बस. पण मला परत आणून दे."

टेकडीवर त्याने सोरेनच्या बंदुकीत दुकानातून आणलेलं नवं काडतूस घातलं. नर हरीण आलं, उभं राहिलं, आणि त्याने ते एकाच बारात पाडलं. बार झाल्यावर नवी पुंगळी त्याने उचलली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने पितळ गवतात सोडून दिलं. गाडीत बसून खिशातली सोरेनची एक चिरलेली पुंगळी काढली आणि तिचं तोंड काडेपेटीच्या काड्यांवर धरून काळं केलं, आत्ताच उडवल्यासारखं.

सोरेन गेल्यापासून त्या घरात हरणाचं मांस शिजलं नव्हतं. त्या दिवशी मार्लिसने कांदे घालून परतलं, बटाटे उकडले, दोन ताटं मांडली. पहिला घास घेऊन ती म्हणाली, "सोरेननेच दिलंय, असं वाटतंय."

आर्विडने बटाटे तिच्याकडे सरकवले.

जेवण झाल्यावर तिने हात पुढे केला. त्याने ती काळी पुंगळी तिच्या तळव्यावर ठेवली. तिने ती उजेडात फिरवली आणि थांबली.

"अगं बाई, हिला चीर पडलीय."

"बार झाल्यावर पडते कधी कधी," तो म्हणाला. "पितळ थकतं."

"मग आता पुन्हा नाही भरता येणार?"

"नाही. ही आता तुझ्याकडेच राहू दे. सगळ्याच राहू देत."

तिने मान डोलावली. बनियनची बाही घेतली, पिवळी डबी घेतली आणि झाकणाशी झटायला लागली. संधिवाताने वाकलेली बोटं घसरत होती. आर्विडने डबी तिच्या हातातून घेतली, झाकण पिळून उघडलं आणि तिच्यासमोर ठेवली. वास भसकन वर आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"फार उग्र आहे गं हे," तो म्हणाला.

"आहे," ती बाही बुडवत म्हणाली, "पण चकाकी बघ कशी येते."