तलावावरची पांढरी पाटी

मी तलावाच्या काठावर उभी असलेली एक पाटी आहे आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकते, मी फार भित्री आहे. वयाने जुनी म्हणावी इतकी नाही, पण भिऊन भिऊनच म्हातारी झाले.

अॅल्युमिनियमचे दोन पातळ पत्रे आणि मध्ये काळे प्लास्टिक, अशी माझी घडण. लोक मला एसीपी शीट म्हणतात. कारखान्यात माझ्यावर पांढरा चकचकीत रंग चढला आणि ओरखडा पडू नये म्हणून वरून पातळ आवरणही बसले. इतक्या लाडात वाढले मी! तुमसरच्या दुकानात मला घ्यायला आलेल्या गोपाळराव पेंटरला दुकानदार जे सांगत होता, ते ऐकून माझे धाबे दणाणले.

"वरचं प्लास्टिक सोला, बारीक पॉलिश पेपरनं सारी चमक मारा, थिनरनं पुसा, प्रायमर द्या, मंग रंग. नाही तं रंग धरत नाही."

घासणार? मला? सिहोऱ्याकडच्या त्यांच्या गावापर्यंत मी ऑटोत थरथरतच गेले.

गोपाळरावांनी चाळीस वर्षे भिंती आणि टिनाच्या पाट्या रंगवल्या होत्या, पण माझ्यासारखी शीट पहिल्यांदाच हाती आली होती. काम जोखमीचे होते. उन्हाळ्यात गावच्या तलावातला गाळ काढताना पायऱ्यांच्या डाव्या अंगाला माणूस बुडेल एवढा खड्डा झाला होता. पाणी भरले की तो दिसणार नव्हता. तिथे धोक्याची पाटी हवी होती.

अंगणात त्यांनी माझे आवरण सोलले. पॉलिश पेपर उचलला, तशी मी अंग चोरले.

"एवढी आरशावानी शीट, घासून कायले खराब करू?" ते स्वतःशीच म्हणाले.

त्यांची बायको कुसुमताई ओसरीवर तांदूळ निवडत होत्या. "भिंतीले चुना द्याच्या आधी खरडतोच ना आपण? दुकानवाल्यानं सांगतलं, तं घासा ना जी."

"चाळीस वर्षं झाले ब्रश धरून राहिलो. मले नोको शिकवू."

मला केवढा आनंद झाला म्हणून सांगू! फडक्याने पुसून त्यांनी थेट माझ्यावर लाल रंगात लिहिले: 'सावधान! येथे खोल खड्डा आहे. पाण्यात उतरू नये.' अक्षरे अशी टपोरी की येणारा-जाणारा वाखाणून जाई. खड्ड्याच्या अगदी काठाशी लोखंडी खांबावर मला बसवले. मी तोऱ्यात होते.

तोरा फार टिकला नाही. उन्हाने रंग फुगला, पावसाने सुटला आणि एका सकाळी लाल पापुद्रा वाऱ्यावर उडून गेला. माझ्या गुळगुळीत अंगावर त्याला धरायला काही नव्हतेच. रोज थोडा रंग जाई आणि रोज माझा जीव खालीवर होई. कपडे धुवायला येणाऱ्या कुसुमताईंनी ते पाहिले आणि घरी सांगितले. गोपाळराव बघायलाही आले नाहीत. आपल्या हातचा रंग उडतो, हे त्यांना पटेचना.

गोकुळाष्टमीला घरोघरी मातीचा कान्होबा बसला. दुसऱ्या दिवशी गाव वाजतगाजत विसर्जनाला आले. तेव्हा माझ्यावर एक अक्षरही उरले नव्हते. गावकऱ्यांना खड्डा ठाऊक होता, पण माहेरी आलेल्या लेकींना कुठून ठाऊक असणार? सानगडीहून आलेली हर्षा पायऱ्यांवरची गर्दी पाहून आपल्या दहा वर्षांच्या मुलीला म्हणाली, "मनाली, तिकडं त्या पांढऱ्या पाटीजवळून उतर. मोकळं हाय तिथं."

मित्रांनो, मी धोका सांगायला उभी होते आणि माझ्याकडेच बोट दाखवून आई लेकीला मरणाकडे पाठवत होती! मी आतल्या आत आकांत केला. पण पाटीचा आकांत कोणाला ऐकू येतो? डोक्यावर कान्होबा घेऊन मनाली माझ्या शेजारून उतरली. एक पाऊल, दुसरे पाऊल, आणि ती नाहीशी झाली. पाण्यावर नुसती हारातली फुले राहिली.

"पोट्टी गेली! खड्ड्यात गेली!" ओरडत गोपाळराव धावले. त्यांचाही पाय घसरला. एका हाताने त्यांनी माझा खांब धरला आणि दुसऱ्या हाताने पाणी चाचपू लागले. खांब वाकला, माझे खिळे करकरले. आता मी उपटून निघाले तर दोघेही जातील, एवढेच मला कळत होते. शेवटी मनालीची वेणी त्यांच्या हाती लागली.

ती खोकली, रडली, आईच्या गळ्यात पडली. गोपाळराव मात्र चिखलात बसून माझ्याकडे पाहत राहिले. "मीच बुडवत होतो तिले," ते म्हणाले. कुसुमताई पदराने त्यांचे तोंड पुसत राहिल्या.

त्याच दुपारी मला उतरवले. पॉलिश पेपर फिरू लागला. दुखले, खोटे कशाला बोलू? पण मी हूं की चूं केले नाही. थिनर, प्रायमर, रंग, सगळे रीतीने झाले. मी सुकेपर्यंत गोपाळराव खड्ड्यापाशी स्वतः पहारा देत बसले.

पुढच्या वर्षी मनाली पुन्हा आली. माझ्यासमोर थांबून तिने धाकट्या मामेभावाला प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचायला लावले आणि त्याचा हात घट्ट धरून पायऱ्यांकडे नेले.

मित्रांनो, माझी भीती अजून गेलेली नाही. धोक्याची पाटी पुसट दिसली, तर तसेच पुढे जाऊ नका, मोठ्यांना सांगा, पुन्हा पुन्हा सांगा. मला ओरडता येत नाही. कोणी वाचले, तरच माझा आवाज निघतो.