जमिनीवर उडणारे विमान

मी एक जुने लाकडी विमान आहे. हसू नका मित्रांनो, खरेच विमान आहे! माझ्यात इंजिन नाही, आणि उडायचे म्हटले तर मला कुणीतरी हातात धरावे लागते. तरी हाणामारीच्या सिनेमांत जी विमाने तुम्ही आ वासून पाहता, त्यांची प्रत्येक गिरकी आधी मी घेतलेली असते.

विमाने ठेवायच्या हँगरमधल्या मेकॅनिककाकांनी मला मोडक्या खुर्चीच्या पायातून घडवले. एका लाकडी चमच्याचे त्यांनी हेलिकॉप्टर केले. चित्रीकरणाआधी वैमानिक आम्हा दोघांना घेऊन फरशीवर चालत. खडूची रेघ म्हणजे डोंगर, पिंप म्हणजे मनोरा! मोठमोठी माणसे तोंडाने घूं घूं करत वाकत, वळत. पाहणाऱ्याला पोरखेळच वाटावा. पण तालीम घेणारे मास्तर, स्वतः मुरलेले वैमानिक, कुणाला हसू देत नसत.

एकदा मी दादा नावाच्या वैमानिकाच्या हातात होते. विमान तो चालवणार होता. त्याची धाकटी बहीण, छोटी, हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात पट्ट्यांनी बांधून घेऊन कॅमेरा धरणार होती. मनोऱ्यामागून झेपावत यायचे आणि तिच्या अगदी जवळून उजवीकडे निसटायचे. सकाळी तालीम झकास झाली. मी तर हवेतच होते!

दुपारी ऊन सरकले. दिग्दर्शक म्हणाले, "हेलिकॉप्टर दुसऱ्या बाजूला घ्या. दादा, तू आता डावीकडे वळ. चला, उडा! ऊन पळतंय."

"चालून दाखवल्याशिवाय कुणी वर जाणार नाही," मास्तर म्हणाले.

"अहो मास्तर, एक वळण तर बदललंय! तेवढ्यासाठी पुन्हा खेळणी काढायची?"

"हो, काढायची."

दादानेही नाक मुरडले, पण मला उचलले. घूं घूं करत पिंपाला वळसा घातला, वेग घेतला आणि सकाळच्या सवयीने तो थेट उजवीकडे वळला! तिथे चमच्याच्या हेलिकॉप्टरशेजारी छोटी उभी होती. माझा पंख तिच्या कपाळावर आदळला आणि त्याचे टोक मोडले.

"अरे दादा, खरचटलंय नुसतं," कपाळावरचे रक्त पुसत छोटी म्हणाली.

दादा पांढराफटक पडला होता. "वर असतो तर..." एवढेच त्याच्या तोंडून फुटले.

दिग्दर्शकांनी घड्याळ खिशात टाकले. "चाला पुन्हा. ऊन काय, उद्याही पडेल."

मग आम्ही चाललो, पुन्हा चाललो, दादाच्या पायांना नवे वळण पाठ होईपर्यंत चाललो. दुसऱ्या दिवशी दादा आणि छोटी उडाले. मास्तर मला घेऊन मैदानात उभे राहिले. वर दादा झेपावला, खाली मी झेपावले. "आता... आता... डावीकडे!" मास्तर ओरडले, आणि आम्ही दोघेही अस्से वळलो! काय सांगू ती मजा! मास्तरांचा जीव भांड्यात पडला, माझा मात्र अजून आभाळातच होता.

त्या दृश्याला लोक खुर्चीतून उठून टाळ्या पिटत म्हणे. पडद्यावर सगळ्यांची नावे आली, माझे तेवढे राहिले. पुढे तालमी संगणकावर होऊ लागल्या आणि मी रंगाच्या डब्यांमागे धूळ खात पडले. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू?

परवा मात्र एका हाताने मला बाहेर ओढले. छोटी! मास्तरांच्या जागी आता तीच तालीम घेते. नवा वैमानिक म्हणाला, "मॅडम, कॉम्प्युटरवर पाहिलंय की सगळं. हे खेळणं कशाला?"

छोटीने कपाळावरचे केस मागे सारले आणि माझा मोडका पंख तिथल्या वणावर टेकवला. अगदी बरोबर बसला. नव्या वैमानिकाने मला हातात घेतले आणि तो चालू लागला. घूं घूं!

मित्रांनो, माझा पंख जोडू नका, मला नवा रंगही नको. फक्त आभाळात झेप घेण्याआधी एकदा मला घेऊन चाला. हसणारे हसू देत. काही मोडायचेच असेल, तर ते जमिनीवर मोडू दे. माझा दुसरा पंख अजून शाबूत आहे.